जुन्या गाडीचं इंजिनकाम: पैसे नेमके कुठे जातात

"ताई, लायनर-पिस्टन करायचंय, किती जातील?" असा फोन आला की मी आकडा सांगत नाही. (लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, पिस्टन तिच्यात वर-खाली होतो.) गाडी कुठली, किती सालची, काय माल वाहते एवढं विचारते आणि एकदा घेऊन या म्हणते. समोरच्याला वाटतं, ही टाळते आहे. पण इंजिन न उघडता पक्का आकडा सांगणारा एकतर फुगवून सांगतो, नाहीतर कमी सांगून गाडी उतरवून घेतो आणि मग वाढवत नेतो. दोन्हीकडून भुर्दंड गाडीवाल्यालाच.

आमचं गॅरेज चिपळूणला, महामार्गालगत. पाना दादाच्या हातात, वही माझ्याकडे. सुट्या भागांची खरेदी, लेथवाल्याचा हिशोब, गिऱ्हाइकाचं बिल, सगळं मी बघते. येणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्या: बोलेरो, कमांडर, सुमो, ओम्नी, मासळीच्या आणि आंब्याच्या पिकअप. मालक बागायतदार, वडापवाले, नाहीतर पेन्शनवर गाडी सांभाळणारे. त्यांच्या घरात इंजिनकाम हा त्या वर्षातला सगळ्यांत मोठा खर्च असतो, म्हणून तो कसा होतो हे त्यांना आधीच कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक बिलच उघडून दाखवते. गुहागरकडच्या एका काकांची २००८ ची बोलेरो डीआय. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६, म्हणजे जुन्या मापात साडेतीन इंच आणि चार इंच. काम फुल इंजिनचं. चार लायनर-पिस्टन, रिंगा आणि पिनांसकट १४ हजार. मेन आणि कनेक्टिंगची बेअरिंगं ३,८००. क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या वर-खाली होण्यानं फिरणारा दांडा, त्याचं ग्राइंडिंग (घासून मापात आणणं) ३,५००. लायनर बसवणं आणि होनिंग, म्हणजे आतली बाजू बारीक घासून घेणं, ४ हजार. इथपर्यंत झाले २५,३००. काकांच्या मनातलं 'लायनर-पिस्टन' इथे संपलं.

पुढे हेडचं, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचं काम, त्यात व्हॉल्व, गाइड, सीट आणि फेसिंग, ७,५००. पॅकिंग सेट आणि ऑइल सील ३,२००. ऑइल पंप २,६००. डिझेल पंप आणि चारही नोजल (डिझेलचा फवारा मारणारी तोंडं) खोलून कॅलिब्रेशन ११ हजार. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज, बेल्ट ४,२००. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ६,५००. रेडिएटर उघडून साफ करणं ३ हजार. ऑइल, फिल्टर, कूलंट, तेही दोनदा, ५,२००. मजुरी १५ हजार. वाहतूक दीड हजार. एकूण ८५ हजार.

म्हणजे ज्याला लोक इंजिनकाम म्हणतात ते बिलाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचलं नाही. बाकीचा पैसा इंजिनाच्या आजूबाजूला गेला. अंदाज चुकतात ते याच ठिकाणी, आणि पैसे वाचवण्यासाठी काम अर्धं सोडलं जातं तेही याच ठिकाणी. हे आमच्याकडचे आकडे झाले. तुमच्या गावात भाव थोडे कमीजास्त असतील, पण वाटणी साधारण अशीच राहील.

आधी गाडीखाली वाका

इंजिनाचा विचार करण्याआधी चॅसी बघा. देशावरच्या गॅरेजवाल्याला ही गोष्ट दुय्यम वाटेल, पण किनाऱ्यावर हीच पहिली. चार महिने धो धो पाऊस, बाकीचे महिने खारा वारा. हर्णैच्या बंदरातून मासळी भरणाऱ्या पिकअपचं तर आणखी वाईट. बर्फ वितळून मिठाचं पाणी हौद्यातून थेट चॅसीवर ठिबकत राहतं. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्र्याचे पापुद्रे, अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात.

छोटी हातोडी घ्या आणि चॅसीच्या दोन्ही लांब दांड्या पुढून मागपर्यंत ठोकत जा. पाट्यांच्या शॅकलजवळ, बॉडी जिथे चॅसीवर बसते त्या जागी आणि आडव्या मेंबरांच्या सांध्यांवर जास्त वेळ द्या. लोखंड खणखणीत वाजलं पाहिजे. आवाज बसका आला, गंजाचे थर सुटून पडले किंवा स्क्रूड्रायव्हर आत घुसला, तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका. वेल्डिंगनं ठिगळं लावलेली चॅसी घाटात भरलेली गाडी धरून ठेवेल याची खात्री मी कुणालाच देणार नाही. तिथे मी स्पष्ट सांगते, गाडी काढून टाका.

दुसरी गोष्ट आरसी बुक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १५ वर्षांवरच्या हलक्या मोटारीला नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली, आणि २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये ती १० हजारांवर नेली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. काकांच्या बोलेरोची मुदत २०२८ पर्यंत होती आणि चॅसी ठणठणीत, कारण गाडी वर्षानुवर्षं पडवीत उभी राहिलेली. त्यांना मी काम करा म्हटलं. मुदत वर्षभरात संपत असेल तर मात्र नूतनीकरणाचा आणि त्यासाठी लागणाऱ्या टायर, ब्रेक, दिव्यांचा खर्चही इंजिनाच्या आकड्यात धरूनच निर्णय घ्या.

बाजारात गाडीची किंमत दीड लाख आणि इंजिनाला ८५ हजार, मग परवडतं कसं, असं पुष्कळ जण विचारतात. माझा हिशोब वेगळा आहे. विकणार असाल तर इंजिनकाम कधीच परवडत नाही, घेणारा त्याचे निम्मे पैसेही देत नाही. ठेवणार असाल तर बाजारभाव बाजूला ठेवा आणि त्याच कामाची दुसरी गाडी आणायला किती लागतील ते बघा. दीड लाखात दुसरी जुनी बोलेरो येईल, पण तिचं इंजिन कुणी कसं वापरलं ते तुम्हाला ठाऊक नसेल.

इंजिन खरंच गेलंय का

ऑइल कमी होतंय म्हणून गाडी येते आणि मालक मनाची तयारी करूनच आलेला असतो. पण ऑइल जळतंय की गळतंय, हे आधी ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे आहेत ते दिसेल. मागच्या बाजूला डाग असेल तर क्रँकचं मागचं सील, पुढे असेल तर टाइमिंग कव्हर. पुष्कळ डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, त्याचं सील गेलं तरी ऑइल पसरतं. ही कामं काही हजारांत आटोपतात.

जळत असेल तर धूर बघायचा, आणि त्यासाठी आपल्याकडे घाट आहेत. कुंभार्लीची चढण चढताना, गाडीवर भार असताना सलग निळा धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेत. चढताना धूर नाही, पण गिअरमध्ये घाट उतरून खाली आल्यावर अॅक्सिलरेटर दाबला की निळा भपका येतो, किंवा सकाळी पहिल्यांदा चालू करताना येतो, तर व्हॉल्वच्या गाइड आणि सील बघा. ते हेड उतरवून होणारं काम आहे, खालचं इंजिन उघडायची गरज नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तिथे आधी एअर फिल्टर आणि नोजल. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड पॅकिंग किंवा हेडला तडा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी लगेच बंद करा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं फार दिवस तग धरत नाहीत.

मग बॅक कॉम्प्रेशन. इंजिन गरम करून चालू ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडा श्वास सगळीच इंजिनं टाकतात. भकाभका धूर येत असेल, झाकण उडत असेल, डिपस्टिक वर ढकलली जात असेल, तर वायू रिंगांवरून खाली उतरतोय. याच्यावर शिक्कामोर्तब कॉम्प्रेशन गेजनं करा. पेट्रोल ओम्नीला साधारण १५० ते १८० पीएसआय दाखवायला हवं. डिझेलचा आकडा कितीतरी वर असतो आणि तो गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघावा. मला स्वतःला आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा वाटतो. तीन सारखे आणि एकच दहा-पंधरा टक्क्यांहून खाली, तर दोष त्या एका ठिकाणी आहे. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व. डिझेलमध्ये हा प्रयोग करू नका, तिथे जागा इतकी कमी असते की ऑइलच दाबलं जाऊन नुकसान होतं.

एवढ्या तपासणीला कुणी हजार-पाचशे मागितले तर खुशीनं द्या. हेच पैसे पुढचे पन्नास हजार वाचवतात.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल वेगळं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी घाईघाईनं स्टार्टर मारले आणि नुकसान तिथे झालं. डिझेल इंजिन हवेला अठरा-वीस पट दाबतं. हवेच्या जागी पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी चालू करायची नाही. बॅटरीची तार काढायची, नोजल किंवा प्लग काढायचे, क्रँक हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल आणि सगळे फिल्टर बदलायचे, मगच पुढचा विचार. रॉड वाकला असेल तर त्या सिलिंडरचा पिस्टन वर आल्यावर बाकीच्यांपेक्षा खाली राहतो, डायल गेजनं ते लगेच कळतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर लागतं, आणि ते जुन्या गाड्यांना बहुधा मिळत नाही.

उघडल्यावर मापं मागा

इथे गाडीवाल्यानं आग्रही राहायला हवं. इंजिन उतरवणं, उघडणं, धुणं आणि मोजणं, एवढ्याचीच एक रक्कम आधी ठरवा. आम्ही ५ हजार घेतो आणि काम पुढे झालं तर ते मजुरीत वळते करतो. मापं आल्यावर गाडीवाला नको म्हणाला, तरी त्याचे ५ हजारच गेले.

मापं म्हणजे काय, तर लायनर वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात, दोन्ही दिशांनी बोअर गेजनं मोजायचा. लायनर गोल राहत नाही, पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला जास्त झिजतो आणि वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त. क्रँकची प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरनं मोजायची. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालून वाकडेपणा बघायचा. हे आकडे कागदावर लिहून मागा. 'झिजलंय' हा शब्द पुरत नाही, किती झिजलंय ते हवं.

क्रँकचं माप पुढच्या खर्चाची दिशा ठरवतं. क्रँक ग्राइंड करत जातात ती पाव-पाव मिलिमीटरनं. गॅरेजच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. तेवढ्याच जाड मापाची बेअरिंगं बाजारात मिळतात. क्रँक अजून कंपनीच्या मापावर असेल तर ग्राइंडिंगला भरपूर जागा आहे. आधीच तीसवर असेल आणि आणखी ओरखडे असतील, तर हे शेवटचं ग्राइंडिंग. चाळीसच्या पलीकडे गेली तर नवी क्रँक, म्हणजे बिलात एकदम १२ ते १८ हजारांची भर. जुनी बेअरिंगंही टाकायला सांगू नका, हातात घेऊन बघा. वरचा करडा थर जाऊन तांब्याचा रंग दिसत असेल तर खालचं काम टाळता येणार नाही. एकाच बाजूला झिजली असतील तर रॉडची सरळता तपासून घ्या.

आता हाफ की फुल. हाफ म्हणजे हेड आणि लायनर-पिस्टन, क्रँकला हात नाही. आमच्याकडे याच बोलेरोचं हाफ ४० ते ४५ हजारांत होतं. बेअरिंगांवर तांबं दिसत नसेल, जर्नल मापात असतील आणि इंजिन गरम असताना ऑइल प्रेशर व्यवस्थित असेल, तर हाफ करायला माझी हरकत नाही. पण पैसे कमी आहेत म्हणून झिजलेल्या क्रँकवर नवे पिस्टन चढवू नका. वरचं कॉम्प्रेशन नवं झालं की खालच्या बेअरिंगांवरचा दाबही वाढतो, आणि थोड्याच महिन्यांत खालून ठोका ऐकू येतो. मग पॅकिंग सेट पुन्हा, ऑइल पुन्हा, मजुरी पुन्हा. पैसे जमेपर्यंत थांबणं परवडतं. लंबगोल झालेल्या लायनरमध्ये नुसत्या रिंगा बदलून घेणं तर कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी नको म्हणा.

आजूबाजूचा खर्च

"पंपाला हात लावू नका, तो चांगला आहे," असं काकाही म्हणाले होते. पण एक नोजल थेंब सोडत असेल तर ते डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर भाजतं. नवा लायनर खराब नोजलखाली ठेवणं मला पटत नाही. निदान नोजल तरी टेस्टरवर दाब लावून, फवारा डोळ्यांनी बघून घ्या. पंप खोलायचा की नाही हे त्यानंतर ठरवा. टर्बो असलेल्या गाडीत त्याच्या शाफ्टला हातानं हलवून बघा. तो खेळत असेल तर ऑइल तिथूनही जळत असतं.

रेडिएटरचंही तसंच. विहिरीचं नुसतं पाणी ओतत राहिल्यामुळे ब्लॉकमधून गंजाचा गाळ उतरतो आणि रेडिएटरच्या नळ्या बुजवतो. गाडी तापण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं. ते कारण तसंच ठेवून नवं इंजिन बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात हेड परत वाकणार. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा गाळ निघेपर्यंत धुऊन घ्या, आणि नंतर पाण्याऐवजी कूलंट.

क्लच, क्रँकचं मागचं सील, इंजिन माउंटिंगचे रबर आणि वेल्च प्लग, हे इंजिन खाली असतानाच बदला. वेल्च प्लग ही वाटीएवढी पत्र्याची टोपणं, किंमत अगदी किरकोळ. पण मागच्या बाजूचं टोपण फ्लायव्हीलच्या आड असतं. ते नंतर गंजून गळायला लागलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. किनाऱ्यावरच्या गाडीत मी ती सगळी नवी टाकायला लावते, न विचारता.

ज्या गाड्यांची इंजिनं लवकर गेली त्यांत एअर फिल्टरची कहाणी हमखास निघते. जांभ्याच्या खाणीकडे किंवा बागेच्या मातीच्या रस्त्यानं चालणाऱ्या गाडीला लाल धूळ खूप मिळते. फिल्टरच्या पुढच्या रबरी होजला भेग पडली की ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. नवा फिल्टर आणि ती होज मिळून हजाराच्या आतबाहेर. हे केल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका.

भाग, लेथ आणि वेळ

सुटे भाग स्वतः बरोबर जाऊन घ्या किंवा गॅरेजनं घेतले तरी दुकानाचं छापील बिल मागा. ते मागण्यात अपमान कुणाचाच नाही. पिस्टन-रिंगांत गोएत्झे, उषा, इंडिया पिस्टन्स ही ओळखीची नावं आहेत. खोकं सीलबंद आहे का, मापाचा आकडा खोक्यावर आणि पिस्टनवर एकच आहे का, ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी पुष्कळ भागांवर २८ होता. जुन्या छापील किमतीनं कुणी लावत असेल तर विचारा. आणि क्रँक ग्राइंड होऊन माप हातात येईपर्यंत बेअरिंगं विकत घेऊ नका. वीसची आणली आणि क्रँक तीसवर गेली, तर दुकानदार परत घेईलच असं नाही.

चिपळूणहून क्रँक आणि ब्लॉक घाट चढून कराडला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातात. तिथे यंत्रं चांगली आहेत, रोजचा हात बसलेला आहे. पण पावसात घाटात दरड आली की काम अडकतं. शिवाय जुलैच्या हवेत नुकताच होनिंग केलेला लायनर एका रात्रीत तांबूस होतो. आलेल्या प्रत्येक भागाला त्याच दिवशी ऑइल चोपडून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला सांगा. श्रावणात गाडी आणून गणपतीआधी द्या म्हणणारे पुष्कळ असतात. त्या गर्दीत कुठल्याच गॅरेजला निवांत मोजमाप करता येत नाही. आंब्याच्या गाडीचं काम दिवाळी झाल्यावर काढा. जानेवारीपर्यंत रनिंग होतं आणि वाशीच्या फेऱ्या सुरू होताना इंजिन बसलेलं असतं.

पैसे टप्प्यानं द्या. उघडून मोजण्याचे पहिले. मापं आल्यावर लेखी अंदाज घ्या, त्यात भाग, लेथ आणि मजुरी वेगवेगळी लिहून, आणि भागांचे पैसे तेव्हा द्या. मजुरीतला मोठा हिस्सा गाडी चालू होऊन घाट चढून आल्यावर. दोन-तीन हजार पहिल्या ऑइल बदलापर्यंत राखून ठेवले तरी चालतं, आम्ही स्वतःहून तसं सांगतो. अंदाजाच्या वर पंधरा-वीस टक्के घरात बाजूला ठेवा. हेडला तडा निघाला, ऑइल पंप खराब निघाला, असं काहीतरी एक निघतंच.

ओम्नी किंवा मारुती ८०० ची गोष्ट सोपी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, भाग स्वस्त, फुल काम २५ ते ३५ हजारांत. इथे काही जण कुर्ल्याहून वापरलेलं इंजिन आणतात. मला ते फारसं आवडत नाही, कारण आतलं काहीच दिसत नाही. आणायचंच असेल तर विकणाऱ्याचं बिल आणि मूळ गाडीचे कागद हवेत, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायला हवा. ते केलं नाही तर नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते आणि अपघातात विम्याचा दावाही.

बांधणीच्या दिवशी आणि त्यानंतर

ब्लॉक धुऊन आल्यावर आणि क्रँक बसवताना, या दोन वेळी शक्य असेल तर हजर राहा. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे बूच काढून आतून ब्रश आणि हवा मारली का, ते विचारा. ग्राइंडिंगची बारीक पूड तिथे राहिली तर नवी बेअरिंगं पहिल्याच तासात ओरबाडली जातात. मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्क रेंचनं आवळतात का ते बघा. सगळ्या आवळल्यावर क्रँक हातानं सहज फिरली पाहिजे. जिथे अडेल तिथे थांबून कॅप उघडायला सांगा. पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसतं फिरवून घ्यावं.

पहिले हजार किलोमीटर गाडी सांभाळून चालवा, पण नुसती उभी करून तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, त्यानं रिंगा बसत नाहीत. वेग थोडा कमीजास्त करत, मध्यम भारावर चालवा. भरलेल्या गाडीनं कुंभार्ली किंवा आंबा घाट एवढ्यात चढू नका, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवू नका. ऑइल रोज सकाळी बघा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, काढलेलं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून उन्हात धरा. थोडी चमक अपेक्षित असते, कण हाताला लागले तर गॅरेजला फोन करा. जुन्या इंजिनांना याच वेळी हेड पुन्हा टॉर्क करावं लागतं आणि टॅपेट जुळवावे लागतात. हजारला ऑइल परत एकदा. बिलात मी ऑइल दोनदा धरते ते यासाठीच.

मापांचा कागद, भागांची बिलं आणि क्रँक कितीवर गेली हा आकडा आरसीच्या झेरॉक्सबरोबर एकाच पिशवीत ठेवा. काकांनी तो आकडा पेंटनं बॉनेटच्या आत लिहून घेतलाय: 'क्रँक २०, लायनर नवे', आणि खाली महिना-साल. पुढच्या वेळी गाडी कुणाच्याही गॅरेजमध्ये गेली तरी नवी बेअरिंगं कुठल्या मापाची लागतील ते चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडायच्या आधी कळेल.